वारा फिरण्याआधी

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, बॅलरॅट शहराच्या नैर्ऋत्येला, लिंटन नावाचे छोटे गाव आहे. २ डिसेंबर १९९८ रोजी तिथल्या रानात वणवा लागला. जवळच्या आणि लांबच्या गावांतून टँकर निघाले. त्यांच्यावर चढलेली माणसे स्वयंसेवक होती. हातातले काम टाकून ती आली होती आणि या कामाचा एक पैसाही घेत नव्हती. जिलाँग शहराकडूनही टँकर आले. रात्री पावणेनऊच्या सुमारास, तिथल्या उन्हाळ्याचा लांबलेला उजेड मावळत असताना, उत्तरेकडून वाहणारा वारा फिरला आणि नैर्ऋत्येकडून वाहू लागला. झाडीतल्या कच्च्या वाटेवर असलेले दोन टँकर बघता बघता आगीत सापडले. जिलाँग वेस्ट ब्रिगेडच्या टँकरवरचे पाचही जण गेले. त्यांच्यासोबतच्या टँकरच्या टाकीत स्वतःभोवती फवारा धरण्यापुरते पाणी शिल्लक होते. त्यावरची माणसे वाचली.

या पाच जणांमध्ये धैर्य कमी नव्हते. आळस नव्हता, बेफिकिरीही नव्हती. ते जिथे उभे होते ती जागा धोक्याची आहे, हे त्या क्षणी त्यांना कळायला हवे होते आणि टाकीत पाणी असायला हवे होते. या दोन्ही गोष्टी शिकवता येतात. वणवा विझवायला स्वखुशीने जाणाऱ्या माणसाला काय शिकवावे, कुणी शिकवावे आणि ते शिकवले नाही तर जबाबदारी कुणाची, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी व्हिक्टोरियाचे उदाहरण मुख्य म्हणून निवडले आहे. स्वयंसेवकांवर इतका भार टाकणारे, त्यांना इतक्या वेळा गमावणारे आणि त्यानंतर प्रशिक्षणाची घडी कसोशीने बसवणारे दुसरे ठिकाण सापडणे कठीण आहे.

व्हिक्टोरियाचा भूगोल आधी समजून घ्यावा लागतो. दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी हा ऐन उन्हाळा. खंडाच्या मध्यभागी वाळवंट आहे. उत्तरेकडून येणारा वारा त्या वाळवंटावरून तापून, कोरडा होऊन येतो. पारा ४० अंशांच्या वर जातो, हवेतला ओलावा नाहीसा होतो, निलगिरीच्या जंगलातला पालापाचोळा हातात घेतला तर चुरा होतो. असा एखादा दिवस संपता संपता दक्षिण समुद्रावरून थंड हवेची लाट येते. लोकांना हायसे वाटते. अंगणात बसलेल्या माणसाला ती गार झुळूक असते. वणव्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र दिवसातली सर्वांत वाईट घटका तीच.

याचे कारण वणव्याच्या आकारात आहे. वारा एका दिशेने वाहत असतो तेव्हा वणवा लांबट होत जातो. पुढे धावणारे त्याचे तोंड, मागे राहिलेले शेपूट आणि दोन्ही बाजूंना लांबलचक बगला. तोंडाशी ज्वाळा उंच आणि वेगवान असतात, तिथे कुणी उभे राहत नाही. बगलेची आग त्या मानाने मंद, गुडघाभर, नळीच्या पाण्याने किंवा फावड्यानेही आवरता येईल अशी. म्हणून माणसे बगलेवर काम करतात आणि ते योग्यच आहे. समजा उत्तरेच्या वाऱ्याने वणवा दक्षिणेकडे १० किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद पसरला आहे. वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला की पूर्वेची सबंध बगल तोंड होते. एक किलोमीटरची धगधगती आघाडी काही मिनिटांत १० किलोमीटरची होते, आणि इतका वेळ जिथे निवांतपणे काम चालले होते नेमकी तिथेच ती धावून येते.

१६ फेब्रुवारी १९८३ या दिवशी, ज्याला तिथे ॲश वेन्सडे म्हणतात, व्हिक्टोरिया आणि शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात मिळून ७५ माणसे वणव्यांत मरण पावली. मेलबर्नच्या आग्नेयेला अपर बीकन्सफील्ड गावापाशी नॅरे वॉरन आणि पँटन हिल या दोन ब्रिगेडचे १२ स्वयंसेवक त्यांच्या टँकरांसह आगीत सापडले आणि मरण पावले. कारण तेच, फिरलेला वारा. त्यानंतर १५ वर्षांनी लिंटन घडले. उत्तरेचा वारा, नैर्ऋत्येचा पलटा, बगलेवरचे टँकर, सगळे तेच. १९८३ च्या घटनेच्या चौकशा झाल्या होत्या, निष्कर्ष छापले गेले होते, जाणत्यांना धोका ठाऊक होता. पण जाणत्यांना ठाऊक असणे आणि टँकरच्या मागच्या बाजूला नळी धरून उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असणे यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर १५ वर्षांत कापले गेले नाही, हा व्हिक्टोरियाच्या इतिहासावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

तो इतिहास मुळात स्वयंसेवेचाच आहे. १३ जानेवारी १९३९ च्या ब्लॅक फ्रायडेच्या वणव्यात ७१ जण दगावले. न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांच्या रॉयल कमिशनने जंगल कुणाचे, आग लावतो कोण, विझवायची कुणी, हे प्रश्न उघडपणे विचारले. त्या आणि नंतरच्या वणव्यांच्या धड्यांतून १९४५ मध्ये कंट्री फायर अथॉरिटी, म्हणजे सीएफए, उभी राहिली. गावोगावच्या ब्रिगेड एका छत्राखाली आल्या. आज या संस्थेचे ५० हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि सुमारे १२०० ब्रिगेड. शेजारच्या न्यू साउथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये तर ७० हजारांहून अधिक. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, गॅरेजवाले, परिचारिका, निवृत्त कारकून असे सगळे त्यात असतात. गावाच्या कडेला पत्र्याची शेड, आत एक-दोन लाल टँकर, भिंतीवर खुंटीला टांगलेले पिवळे कोट आणि प्रत्येक खुंटीखाली नाव. पगारी फौज ठेवून इतका मोठा मुलूख सांभाळणे कुठल्याही सरकारला परवडणार नाही, म्हणून ही व्यवस्था टिकली. आणि गावच्या माणसाला आपल्या रानाची जितकी माहिती असते तितकी दुसऱ्या कुणाला नसते, म्हणून ती चांगलीही ठरली.

मात्र या व्यवस्थेत एक जुनी सवय मुरली होती. शेतकरी वडिलांबरोबर लहानपणापासून आग विझवायला जायचा, बघून बघून शिकायचा. गवताची आग त्याच्या परिचयाची. हा अनुभव खरा आणि मोलाचा होता, यात शंका नाही. अडचण अशी की अनुभव ओळखीच्या आगीचाच असतो. चाळीस वर्षांत ज्याने वारा फिरताना बगलेवर काम केलेले नाही त्याच्या चाळीस वर्षांत तो धडा आलेलाच नसतो, आणि पहिल्यांदा येतो तेव्हा दुसरी संधी मिळेलच असे नाही. शिवाय १९९० च्या दशकात जिलाँगसारख्या शहरी वस्तीतल्या ब्रिगेडही लांबच्या जंगलात मदतीला पाठवल्या जात. त्यांची माणसे घरांच्या आगीत तरबेज असली तरी रानाचा स्वभाव वेगळा असतो.

व्हिक्टोरियाचे राज्य कॉरोनर ग्रॅम जॉन्स्टन यांनी लिंटनच्या मृत्यूंची दीर्घ चौकशी केली. त्यांचा अहवाल २००२ मध्ये आला. एखाद्या ड्रायव्हरवर किंवा एखाद्या अधिकाऱ्यावर खापर फोडून तो थांबत नाही. वारा फिरणार ही माहिती जमिनीवरच्या माणसापर्यंत कशी पोचते, कोण कुणाला सांगतो, सांगितले ते समजले याची खात्री कोण करतो, टाकीत किती पाणी राखायचे, कुठल्या किमान शिक्षणाशिवाय माणसाला आगीवर पाठवायचे नाही, अशा प्रश्नांची त्यात छाननी आहे. या काळात ‘मिनिमम स्किल्स’ नावाने किमान प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सगळ्या ब्रिगेडमध्ये पोचवला गेला. ते शिक्षण नाही तर वणव्यावर जाणे नाही, असा दंडक आला.

जुन्या लोकांपैकी अनेकांना तो रुचला नाही. जन्मभर ज्याने आगी विझवल्या त्याला शाळेतल्या पोरासारखे बाकावर बसवायचे, हा अपमान वाटणे स्वाभाविक होते. यातून काढलेली वाट मात्र शहाणपणाची होती. जे येते ते करून दाखवा, त्याची नोंद होईल आणि जे येत नाही तेवढेच शिका. स्वयंसेवकाला शिकवताना हे भान सुटले तर वर्ग ओस पडतात. पगारी जवानाला हुकूम देता येतो. दिवसभर गाई दोहून संध्याकाळी शेडवर आलेल्या माणसाला पटवावे लागते.

आजचे प्रशिक्षण कसे असते? त्याची सुरुवात नळीने होत नाही. सुरुवात होते जळणाऱ्या वस्तूंपासून. जळण, उष्णता आणि प्राणवायू या तिघांपैकी एक काढून घेतले की आग संपते. शहरातल्या आगीत पाण्याने उष्णता काढतात. रानात पाणी मोजके, तेव्हा बहुतेक वेळा जळणच काढावे लागते. म्हणून शिकणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा येते ती रेकहो, एका बाजूला दात आणि दुसऱ्या बाजूला फावड्याचे पाते असलेली लांब दांड्याची कुदळ. तिने पालापाचोळा बाजूला खेचत उघड्या मातीचा पट्टा करत जायचे. एकामागे एक अशी माणसे उभी राहतात. प्रत्येकाने दोन-चार ओढी मारायच्या आणि पुढे सरकायचे, मागचा उरलेले काढतो. माणसामाणसांत हत्यार फिरवण्यापुरते अंतर हवे. पट्टा मातीपर्यंत गेला पाहिजे. अर्धवट कुजलेल्या पाल्याचा बोटभर थर राहिला तरी आग त्याच्याखालून धुमसत पलीकडे जाते आणि तासाभराने पाठीमागे उगवते. अर्धा तास हे काम केले की शहरी नवशिक्याच्या लक्षात येते की वणवा विझवणे हे मुख्यतः मजुरीचे काम आहे, आणि मजुराला पाणी प्यावे लागते. तहान लागण्याआधी प्या, हा नियम इथे पंप चालवण्याइतक्याच गांभीर्याने शिकवला जातो. उष्माघाताने कोसळलेल्या माणसाला उचलून न्यायला आणखी चौघे लागतात.

मग येतो चढ. १० अंशांच्या चढावर आग सपाटीच्या दुप्पट वेगाने धावते, २० अंशांवर साधारण चौपट. ऑस्ट्रेलियन वनशास्त्रज्ञ ॲलन मॅकआर्थर यांनी घालून दिलेला हा ढोबळ हिशेब नवशिक्याला तोंडपाठ करायला लावतात. ज्वाळा चढाकडे झुकलेल्या असतात, वरचे गवत आणि झुडपे पेटण्याआधीच वाळून तापतात. माणूस मात्र चढावर दमतो आणि मंदावतो. त्यामुळे आगीच्या वरच्या अंगाला, उतारावर उभे राहणे टाळायचे. मोकळ्या माळावर वाळक्या गवताची आग सोसाट्याच्या वाऱ्यात ताशी २० किलोमीटरपेक्षाही वेगाने जाऊ शकते. पळून वाचू, ही कल्पना डोक्यातून काढून टाकणे हे प्रशिक्षणाचे अर्धे काम आहे.

पुढचा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो एका शास्त्रीय कामातून आला. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतले फिल चेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जंगलात ‘प्रोजेक्ट व्हेस्टा’ या नावाने प्रयोगाच्या आगी लावून त्यांचा वेग मोजला. त्या अनुभवावरून त्यांनी २००१ मध्ये ‘डेड मॅन झोन’ची कल्पना स्पष्ट मांडली. आगीची कड आणि माणसे यांच्या आसपासचा न जळलेला पट्टा, वारा फिरला तर माणसे निसटण्याआधी जो पेटेल, तो हा मरणपट्टा. लिंटनचे टँकर त्याच पट्ट्यात होते. पट्ट्याची रुंदी ठरलेली नसते. जळण किती, वारा किती, बाहेर पडायची वाट कशी, यावर ती ठरते. आणि सुरक्षित जागा कुठे, तर बहुतेक वेळा आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर. नवशिक्याला हे उलटे वाटते. त्याचे पाय आगीपासून लांब, हिरव्या झाडीकडे वळतात. सरावाने ते काळ्याकडे वळवावे लागतात.

म्हणूनच आग जिथे संपली आहे किंवा जिथे रस्ता, नदी, नांगरलेले शेत आहे अशा पक्क्या जागेपासून काम सुरू करायचे आणि बगलेने पुढे जायचे, म्हणजे आग मागून वळसा घालू शकत नाही. एकाने फक्त पाहत राहायचे. कामाला हात कमी पडत असले तरी या पाहणाऱ्याला नळी धरायला लावायचे नाही. निघायची वाट आधी चालून बघायची, शक्यतो दोन वाटा ठेवायच्या. रेडिओवर सर्वांशी बोलणे चालू ठेवायचे. व्हिक्टोरियात आता वारा फिरण्यासारखी जिवावरची माहिती ‘रेड फ्लॅग’ इशारा म्हणून दिली जाते. ती सांगून मोकळे होता येत नाही, प्रत्येक टँकरने ऐकली असे उलट कळवावे लागते. ही पद्धत कागदावर मामुली दिसते. पण मृत्यूच्या जवळपास प्रत्येक चौकशीत कुणीतरी कुणाला तरी सांगितले होते आणि कुणापर्यंत तरी ते पोचले नव्हते, असे आढळते.

एवढे सगळे करूनही टँकर आगीत सापडू शकतो. त्यासाठी दर उन्हाळ्याआधी, टँकरवर जाणाऱ्या प्रत्येकाला एक कवायत करावी लागते. ड्रायव्हर टँकर जळलेल्या किंवा उघड्या जमिनीवर घेतो, येणाऱ्या आगीकडे तोंड करून उभा करतो, हँडब्रेक लावतो, इंजिन चालू ठेवतो. सगळे दिवे लावतो, कारण धुरात दुसरा टँकर येऊन आदळू शकतो. कप्तान रेडिओवर ‘मेडे’ म्हणत ठिकाण आणि माणसांची संख्या सांगतो. मागची माणसे आत येतात. काचा बंद, हवेची तोंडे बंद. खिडक्यांवर उष्णता परतवणारे चंदेरी पडदे ओढले जातात. टँकरभोवती फवारा सुरू होतो, आणि त्याच्यासाठीच टाकीतले राखीव पाणी. सगळे काचेच्या पातळीखाली वाकतात, लोकरी घोंगड्या अंगावर घेतात आणि थांबतात. ज्वाळांची मुख्य लाट जायला काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत दार उघडून पळायची ऊर्मी अनावर होते, आणि बाहेरच्या धगीत उघड्यावर माणूस टिकत नाही. सावलीत, थंड हवेत, हसतखेळत ही कवायत पुन्हा पुन्हा का करायची, असे नव्याला वाटते. हात आपोआप पडद्याच्या दोरीकडे जावा एवढ्यासाठी. टँकर किती धग सोसतो हेही अंदाजावर सोडलेले नाही. न्यू साउथ वेल्समधल्या मोगो येथे गॅसच्या ज्वाळांची भिंत उभी करून त्यात प्रत्यक्ष टँकर ठेवून सीएसआयआरओने चाचण्या केल्या आणि त्यातून पडदे, काचा, फवारे सुधारत गेले.

प्रशिक्षणाने सगळे धोके संपत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१९-२० च्या ब्लॅक समर म्हटल्या जाणाऱ्या वणव्यांच्या उन्हाळ्यात रूरल फायर सर्व्हिसचे दोन तरुण स्वयंसेवक सिडनीच्या नैर्ऋत्येला बक्सटनजवळ मरण पावले. वाटेत झाड कोसळून त्यांचा टँकर उलटला. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस जिंजेलिकजवळ आगीतून उठलेल्या वावटळीने जड टँकर उलथवला आणि आणखी एक स्वयंसेवक गेला. व्हिक्टोरियात ७ फेब्रुवारी २००९ च्या ब्लॅक सॅटर्डेला वणव्यांत १७३ माणसे मेली, त्यांतली बहुसंख्य आपापल्या घरांत किंवा घरांच्या आसपास. त्याच दिवशी किलमोर ईस्टच्या आगीत संध्याकाळी वारा फिरला आणि पुन्हा तोच पलटा अनुभवाला आला. काही दिवस असे असतात की त्या दिवशी कुणीही वणवा अडवू शकत नाही. अशा दिवशी टँकर पुढे न नेणे, माणसांना बाहेर काढण्यापुरतेच काम करणे, हाही निर्णय शिकावा लागतो. स्वयंसेवकासाठी तो सर्वांत अवघड, कारण जळणारे घर शेजाऱ्याचे असते. २०२२ पासून ऑस्ट्रेलियाभर आगीच्या धोक्याच्या चार पायऱ्या एकसारख्या केल्या आहेत. त्यातल्या सर्वांत वरच्या पायरीला सांगितले जाते ते एवढेच, की जीव वाचवायचा असेल तर आधीच निघून जा.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. मेलबर्नच्या ज्या आग्नेय उपनगरांत आज मराठी घरे आहेत त्यांतलेच एक नॅरे वॉरन. १९८३ साली ज्या दोन ब्रिगेडची माणसे गेली त्यांतली एक तिथलीच. परदेशात घर घेताना शाळा, स्टेशन, दुकाने पाहिली जातात. गावची ब्रिगेड कुठे आहे हेही पाहावे आणि जमल्यास तिच्यात दाखल व्हावे. तिथे नवखेपणाची आडकाठी नसते, शिकायची तयारी लागते.

आणि इकडे सह्याद्रीत, सातपुड्यात, विदर्भात वणवा दरवर्षी येतो. दिवाळीनंतर गवत वाळू लागते. फेब्रुवारीपासून डोंगरउतार पिवळे पडलेले असतात. आग आपसूक क्वचितच लागते. नवे गवत फुटावे म्हणून माळ पेटवले जातात, मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, राब भाजताना ठिणगी बांधापलीकडे जाते, कुणी विडी टाकते. महाराष्ट्राच्या वन खात्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर नेमले जातात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर पाठवते. याच संस्थेच्या अंदाजानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनाला वारंवार आगीचा धोका आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे ७९ वे कलम तर राखीव वा संरक्षित वनात हक्क असलेल्या गावकऱ्याला आग विझवायला मदत करणे बंधनकारक करते. म्हणजे कायद्याने गावकऱ्याला आगीवर बोलावले आहे. त्याला आधी शिकवा, असे मात्र ते कलम म्हणत नाही. ही उणीव जवळजवळ शंभर वर्षांची आहे आणि ती भरून काढणे सरकारचे कर्तव्य आहे.

प्रत्यक्षात आगीवर जातात कोण? वनरक्षक, वनमजूर, संयुक्त वन व्यवस्थापन समितीची माणसे आणि अलीकडे गडकोटांवर फिरणारी तरुण मंडळी. हातात करंजाच्या किंवा जांभळीच्या ओल्या फांद्या, क्वचित एखादा ब्लोअर. अंगात नायलॉनचा टी-शर्ट, पायात स्पोर्ट्स शूज. उत्साह आणि तळमळ अस्सल. पण नायलॉन वितळून कातडीला चिकटतो, शूजचे तळ निखाऱ्यावर सुटतात, आणि सह्याद्रीचा उतार १० अंशांचा नसतो, कितीतरी ठिकाणी ३० अंशांच्या वर जातो. वाऱ्याचा पलटाही इथे आहे. उन्हे तापली की डोंगराच्या अंगाने वारा वर चढतो, कोकणाकडच्या बाजूला दुपारी समुद्रावरचा वारा त्याला जोर देतो. सूर्य कलला की तो मंदावतो आणि रात्री उताराने खाली वाहू लागतो. दुपारी खाली सुरक्षित असलेली जागा रात्री तशी राहतेच असे नाही. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर गवताच्या उतारावरून उतरणाऱ्या ट्रेकर मंडळींना वणव्याने गाठले. वीसपेक्षा जास्त माणसे दगावली. ही माणसे आग विझवायला गेलेली नव्हती. पण जमीन, गवत, उतार आणि वारा यांचे गणित तेच होते. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वन खात्याचेच कर्मचारी होरपळले आणि त्यांतले काही प्राणाला मुकले.

व्हिक्टोरियाची पद्धत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही आणि आणूही नये. तिथले टँकर सह्याद्रीच्या घळीत जाणार नाहीत, तिथल्या निलगिरीची आग आणि आपल्या सागवानी जंगलातली पाल्याची आग वेगळी. इथे पाणी पाठीवरूनच न्यायचे. पण पाहणारा एक जण बाजूला ठेवणे, निघायची वाट आधी ठरवणे, काळ्या जमिनीचा आसरा घेणे, वाऱ्याची माहिती सर्वांपर्यंत पोचली याची खात्री करणे, सुती किंवा लोकरी कपडे घालणे, चढावर आगीच्या वर उभे न राहणे, यांतल्या एकाही गोष्टीला टँकर लागत नाही. एका दिवसाचा वर्ग आणि डोंगरावरचा एक दिवस एवढ्यात त्या शिकवता येतात. गावातल्या गुराख्याला आपल्या डोंगरावर वारा कोणत्या वेळी कुठून फिरतो हे वनाधिकाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्याला शिक्षकाच्या जागी बसवले तर हा वर्ग अधिकच चांगला होईल.

पुढची पाने या कामासाठी आहेत. ती एकट्याने वाचण्यापेक्षा गटाने वाचावीत, आणि कवायतीची प्रकरणे वाचून झाली की मैदानावर जाऊन करून पाहावीत. जे तरुण दर उन्हाळ्यात फांद्या घेऊन डोंगर चढतात त्यांनी यंदा जानेवारीतच आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जावे, नावे आणि फोन क्रमांक द्यावेत, आणि आम्हाला शिकवा असे लेखी मागावे. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तो अर्ज येईल त्यानेही तो फायलीत न लावता जाणत्या वनरक्षकाला आणि गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला घेऊन त्यांना डोंगरावर न्यावे. हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. सरावाची तारीख त्याच्या आधीची असू द्या.